आरशाचा मालक कोण?

बारामती-इंदापूरकडे यंत्राशी जोडलेलं घर आधी घरात आलंच नाही, ते विहिरीवर आलं. उसाला पाणी द्यायची लाईट रात्री-अपरात्री येते. थ्री फेज आली का हे बघायला अंधारात, साप-किरडाची भीती घेऊन रानात जायचं. हा त्रास खराच होता. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' तयार केलं, २००९ साली त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि तसल्या यंत्रांमुळे अनेकांची रात्रीची खेप वाचली. चांगलंच झालं. फक्त एक बघा, आधी कुणाची खेप वाचली? ती वाचवायला डोकं लढवलं गेलं. त्याच रानात दिवसभर खुरपून घरी जाऊन भाकऱ्या थापणारीची खेप कुणाला अडचण वाटलीच नाही.

भिगवणच्या बाजूला एका बैठकीत मी विचारलं, "मोबाईलवर चालणारी मोटर कुणाकुणाकडे आहे?" भराभर हात वर झाले. "आणि त्यात तुमचा स्वतःचा नंबर घातलाय, अशा किती जणी?" एकच हात. तिचा नवरा वारलेला होता.

आता आरशाकडे येते. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या प्रदर्शनात दोन मुलींनी केलेला 'स्मार्ट आरसा' पाहिला. कल्पना सोपी आहे. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने आरपार दिसणारी काच घ्यायची, तिच्यामागे जुना मॉनिटर आणि तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक बसवायचा. पडदा काळा ठेवला की आरसा आरशासारखा दिसतो, आणि पांढरी अक्षरं काचेतून उमटतात. मायकेल टीऊव्ह या डच माणसाने २०१४ साली असा आरसा केला आणि त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट खुला केला. पुढे भिंतीतल्या बटणांना रिले जोडले की दिवे, पंखे, गिझर, दाराचं कुलूप, सगळं त्या आरशावरून किंवा मोबाईलवरून चालतं. मुलींचं काम नेटकं होतं, वायरिंगही त्यांनीच केलेलं.

आरशावर अक्षरं आली ती अशी: मुलांचा डबा, सासूबाईंची गोळी, सिलिंडर संपत आला, दूधवाल्याचा हिशेब. म्हणजे बाई केस विंचरायला दोन मिनिटं उभी राहिली, तर तेवढ्यातही कामाची यादी! मी विचारलं, "यात वडिलांना काय आठवण करून देतो आरसा?" दोघी हसल्या. मग विचारलं, कुणी काय चालवायचं हे कोण ठरवतं? "त्याला अ‍ॅडमिन लागतो, ताई. आम्ही बाबांचा मोबाईल धरलाय. घराला एक मेन माणूस लागतोच ना."

हे वाक्य त्या पोरींचं नाही. ते आपण सगळ्यांनी त्यांच्या कानात घातलेलं आहे.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, ही बंगलेवाल्यांची खेळणी, आपल्याला कशाला? इथे हंड्याचे, ऊसतोडणीचे प्रश्न पडलेत. मला हे पटत नाही. मोबाईललाही आपण खेळणंच म्हणत होतो, आणि आज समुपदेशनाला येणाऱ्या किती जणींचा फोन नवरा तपासतो ते सांगायला नको. दुसरीकडे जाहिरातवाले सांगतात, यंत्र आलं की बाई मोकळी. १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी पुस्तक लिहून दाखवलं की घरकामाची यंत्रं आली, पण काम बाईचंच राहिलं आणि अपेक्षा तेवढ्या वाढल्या. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. तोवर मिक्सर येऊन किती वर्षं झाली होती!

मला धास्ती आहे ती किल्लीची. दार कधी उघडलं, दिवा किती वाजता लागला, कोण आलं, याची नोंद अशा यंत्रात राहू शकते. आरशाला कॅमेरा असेल तर विचारूच नका. नवरा पुण्याला नोकरीला, आणि बायको घरात कधी उठली हे त्याला तिथे बसून कळणार. भांडण झालं की तिथूनच गिझर बंद, दाराला कुलूप. परदेशातल्या बायकांना असे अनुभव आलेले आहेत, २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर सविस्तर लिहिलं होतं.

कायदा अगदीच मुका नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि त्या घरातल्या सोयी वापरण्यापासून अडवणं ही आर्थिक हिंसा धरलेली आहे. बाईच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येऊ शकतं. पण संरक्षण अधिकाऱ्याकडच्या अर्जात "गिझर मोबाईलवरून बंद करतात" असं लिहायला आपल्याला आधी सुचलं पाहिजे.

सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावायला आपण तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत किती खेटे घातले! १९९४ चं राज्याचं महिला धोरण आलं तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचेच होते. मालमत्तेतल्या वाट्यावर तेव्हा एवढं बोलणं झालं. हे अ‍ॅडमिनचं खातं म्हणजे घराचा नवा उताराच आहे, आणि त्याला तलाठी नाही, फेरफार नाही, हरकतीची मुदत नाही. दुकानातला पोरगा येतो, पुरुषाचा नंबर घालतो आणि जातो.

म्हणून त्या दोन मुलींना मी आमच्या गटात बोलावलं. आरसा फेकून द्या असं मी त्यांना मुळीच सांगितलं नाही. तो दुरुस्त करायला त्यांनी तीन रविवार घेतले. कॅमेरा काढला. नोंदी बाहेरच्या कंपनीकडे न जाता घरातल्याच संगणकात राहतील आणि आठवड्याने पुसल्या जातील असं केलं. खाती दोन ठेवली, सारख्या अधिकाराची, एकाने दुसऱ्याचं बंद करता येणार नाही अशी. भिंतीवरचं साधं बटण कायम चालू राहील आणि दार आतून हाताने उघडेल, हे मात्र आमच्या गटातल्या एका आजींनी सुचवलं. डब्याच्या आणि गोळीच्या ओळीपुढे आता नाव येतं, एक दिवस आईचं, एक दिवस बाबांचं. एका मुलीच्या घरी तो लावलाय. बाबांच्या दिवशी आरशावर टॉवेल टाकलेला असतो, असं ती सांगत होती.