पाटल्या मोडण्याआधी सातबारा बघा

भगिनींनो, ‘घर पाहावे बांधून’ असे म्हणणाऱ्यांच्या काळी जागा निदान वाडवडिलांची असायची. आता आधी जागाच विकत घ्यावी लागते, आणि खरी परीक्षा तिथेच होते. गेल्या आठवड्यात घोडेगावहून एका मैत्रिणीचे पत्र आले. घोडेगाव म्हणजे पुणे जिल्ह्यातले नव्हे, नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.

ती लिहिते, ‘रस्त्यापासून जवळ दोन गुंठ्यांचा तुकडा मिळतो आहे. हे म्हणतात, आत्ता घेतला नाही तर दिवाळीनंतर आवाक्यात राहणार नाही. इसार द्यायला माझ्या पाटल्या मोडायचे ठरले आहे. ताई, घ्यावा का?’

भाव चढतात हे काही खोटे नाही. घोडेगाव नगर-संभाजीनगर हमरस्त्यावर आहे, शनिशिंगणापूरचा फाटा तिथेच फुटतो, जनावरांचा बाजार आहे, कांद्याचे मार्केट आहे. सोनईचा साखर कारखानाही जवळच. मुळेच्या कालव्याने भोवतालची जमीन बागायती झालेली, त्यामुळे शेतकरी ती सहजासहजी विकत नाही. आणि विकली तर एकराने नाही, गुंठ्याने! वस्तीवर राहणारी कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी, छोट्याशा दुकानासाठी रस्त्याकडे सरकतात. गावठाणातले जुने वाडे मात्र पाच भावांच्या पाच वाट्यांत अडकून पडतात. गावाच्या कडा भरतात आणि मधला भाग ओस, हे चित्र रस्त्यावरच्या कितीतरी गावांत दिसते.

पण एजंट सांगतो तो भाव नव्हे बरं का! शेजारच्या जागेचे खरेदीखत कितीला झाले, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘सूची दोन’च्या उताऱ्यावर कळते. सरकारचा दरतक्ताही असतो, त्याला सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात. कागदावर आकडा कमी दाखवायची खोड आपल्याकडे आहेच, म्हणून अलीकडे जागा घेतलेल्या एखाद्या बाईलाही विचारा. बायका खरे सांगतात.

आता मुख्य गोष्ट. तो ‘दोन गुंठ्यांचा तुकडा’ नेमका कशातला? शेतजमिनीतला असेल तर थांबा. आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे प्रमाण ठरले. त्याहून लहान तुकड्याचे वेगळे खरेदीखत सरळपणे होत नाही. मग विकणारा म्हणतो, ‘वहिनी, काळजी नको, नोटरी करून देतो.’ शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या होतात, पेढे वाटले जातात आणि सातबाऱ्यावर नाव त्याचेच राहते! उद्या त्याच्या मुलांनी किंवा बहिणींनी हिस्सा मागितला, तर तुम्ही कुणाच्या दारात उभ्या राहणार? २०२५ मध्ये सरकारने काही भागांतल्या लहान तुकड्यांना सवलत द्यायचे ठरवले. आपला गट त्यात बसतो का, हे एजंटाला न विचारता तलाठ्याला विचारा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

सातबारा मोबाईलवर फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यात ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथेच लिहिलेला असतो. ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसले, तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही. जागा बिनशेती असेल तर आदेशाची आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. रस्त्याला लागून असेल तर बांधकाम किती मागे घ्यावे लागेल तेही विचारा, नाहीतर दोन गुंठ्यांतला निम्मा गुंठा अंगणच व्हायचा. (गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट.) काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. तो खर्च भावात धरलेला नसतो, तुम्ही धरा.

शिंगणापुरात घरांना दारे नसण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने तिथे कुलुपाशिवाय शाखासुद्धा उघडली. पण जागेचा व्यवहार तिथेही कागदावरच होतो हो!

आणि नाव? यजमानांशी हे बोलायला जड जाते, मला माहीत आहे. पण पाटल्या तुमचे स्त्रीधन आहे. त्या जागेत जाणार असतील तर खरेदीखतात तुमचेही नाव यायला हवे. एजंट सांगेल, ‘बाईच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो.’ ती सवलत एप्रिल २०२१ पासून आहे खरी, पण ती तयार घराला किंवा फ्लॅटला, आणि खरेदीदार फक्त बायकाच असतील तर. मोकळ्या प्लॉटला नाही, नवराबायकोच्या जोडनावालाही नाही. तरीही मी जोडनावच सुचवीन. एक टक्का गेला तर गेला. पुढे घर बांधलेत की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही दोघांची नावे लावून घ्या. तसा शासनाचा निर्णय २००३ सालापासूनच आहे.

तेव्हा घोडेगावच्या भगिनी, दिवाळीची घाई विकणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. पाटल्या आत्ता डब्यातच राहू द्या. यजमानांना म्हणा, इसार द्यायचाच तर लेखी साठेखत करून, ते नोंदवून, आणि शक्यतो चेकने. उतारा हाती आला की बोजाच्या रकान्यात काय निघाले ते मला नक्की कळवा.