ॲव्हरेजचे गणित : लावण्यापेक्षा काढणे बरे

सिंदी मेघेत शेजाऱ्याने गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ 2021 मध्ये राज्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली आणि या प्रश्नाला धार आली. पुढे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच सुमारे एक-तृतीयांश कमी असते. त्यासाठी न बनलेल्या गाड्यांचे ॲव्हरेज तीन ते सहा टक्के घटू शकते, असे केंद्र सरकारनेही 2025 मध्ये मान्य केले.

मग घरगुती इलाज सुरू होतात. कोणी डिकीवर पंख बसवतो, कोणी गाडीच्या पोटाखाली पत्रा ठोकतो, तर कोणी मोटारसायकलचे साडीगार्ड काढून ती ‘हलकी’ करतो. यात शास्त्र किती आणि भाबडेपणा किती?

गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात : वजन आणि वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धी महामार्गावर कार 80 ऐवजी 120 ने नेली, तर वेग दीडपट होतो. पण वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट! तेथे पंख लावण्यापेक्षा पाय थोडा सैल सोडणे फुकटचे आणि खात्रीचे. वर्ध्याचा बाजार किंवा सावंगीचे रुग्णालय अशा चकरांत मात्र गाडी सारखी थांबते आणि निघते. दर वेळी सगळे वजन पुन्हा पळवावे लागते. तेथे वाऱ्याचे काम थोडे, ओझ्याचे अधिक.

अमेरिकी सरकारचे आकडे बोलके आहेत. सुमारे 45 किलो जादा ओझे ॲव्हरेज एक टक्क्याने खाली आणते. टपावरची मोठी पेटी महामार्गावर 6 ते 17 टक्के खाते. चाकांतील हवा उतरली, तर एका पौंडामागे 0.2 टक्के जातात. म्हणजे हवा तपासा, रिकामे कॅरिअर उतरवा, डिकीतले महिनोन्‌महिने पडलेले सामान काढा. पुढचा लोखंडी गार्ड तर 2017 पासून बेकायदेशीरच आहे, तोही काढा.

पण काढण्यालाही मर्यादा आहे. महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागणाऱ्या घरात दहा टक्के बचत झाली, तरी ती दोन लिटरची. साडीगार्ड काढून तर तेवढीही होणार नाही. मागे बसलेल्या आईचा पदर चाकात गेला, तर तो हिशेब कोण भरून देणार? मागचे चाक झाकणारे ते गार्ड कायद्यानेच सक्तीचे आहे. स्टेपनीही काढू नये, रात्री नागपूरच्या वाटेवर चाक पंक्चर झाले की तिचे वजन कळते. नोंदणीच्या कागदांवरील मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि जो बदल कराल, तो मोजा. टाकी फुल्ल करा, नेहमीच्या रस्त्याने चालवा, पुन्हा फुल्ल करा. एका फेरीवर विश्वास नको. चार-पाच वेळा तरी पाहा.

याच वर्ध्यात 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. हाताशी असलेल्या साधनांतून किफायत साधण्याचे प्रयोग मगनवाडीत झाले. तेव्हा घरगुती प्रयोगाला येथे कमीपणा नाही. फक्त प्रयोग गाडीवर व्हावा, घरच्या माणसांवर नव्हे.