तयारी आहे, पण किती?

‘अंगात कणकण आहे’, ‘ताप आहे’, ‘अंग फणफणले आहे’, असे रुग्णाचे नातेवाईक वेगवेगळ्या शब्दांत सांगतात आणि डॉक्टरला त्यातून बरेच कळते. एखादे गाव किंवा रुग्णालय संकटासाठी किती तयार आहे हे तपासताना मात्र आपण ही भाषा विसरतो. अग्निशमन यंत्र आहे? हो. ऑक्सिजन आहे? हो. रकाने भरले, की तपासणी संपली.

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या जागेचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठातील लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडले. तेच फझी लॉजिक. वॉशिंग मशीनच्या जाहिरातींमुळे हे नाव आपल्या कानांवरून गेलेले आहे. त्यात उत्तर ० किंवा १ असेच असावे लागत नाही. मधला कोणताही अंश चालतो. अनुभवी माणसांचे ‘चांगले’, ‘बेताचे’, ‘धोक्याचे’ हे शेरे अशा अंशांत मांडून त्यांना ‘जर-तर’चे नियम लावता येतात.

हे नाव न घेता अशाच रीतीने विचार करणारे गाव आपल्याकडे आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार कमी पावसाच्या पट्ट्यात येते. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे पाणलोटाची कामे झाली. पण ते पाणी टिकले ताळेबंदामुळे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि मग ग्रामसभेत ठरवायचे. आधी माणसांचे पिणे, मग जनावरे, उरेल त्यावर पिके. ‘दुष्काळ आहे का’ यापेक्षा ‘पाणी किती कमी आहे’ हा प्रश्न तिथे महत्त्वाचा. उत्तर बदलले, की पिकांचे नियोजनही बदलते.

रुग्णालयांनी हे शिकायला हवे. समजा, एका विभागाला औषधसाठ्यासाठी ०.९, ऑक्सिजनसाठी ०.९, मनुष्यबळासाठी ०.८ आणि आगीपासून सुरक्षिततेसाठी ०.२ अंश मिळाले. सरासरी येते ०.७, म्हणजे कागदावर ठीक. पण फझी लॉजिकमध्ये ‘हेही हवे आणि तेही हवे’ असे असेल, तर साधारणपणे सर्वांत कमी अंश धरतात. उत्तर ०.२. हेच खरे उत्तर आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला हिवरे बाजारच्याच जिल्ह्यात, नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान ११ रुग्ण गेले. आग लागल्यावर औषधांचे कपाट भरलेले असून उपयोग नसतो.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. अंश देणारा माणूस वरिष्ठांना खूश करू पाहत असेल, तर ०.२ चे ०.८ व्हायला वेळ लागत नाही, आणि दशांश चिन्हामुळे ते शास्त्रीयही दिसते. म्हणून अंश रात्रपाळीच्या परिचारिका, वायरमन आणि वॉर्डबॉय यांना विचारून ठरवावेत. सराव घेऊन, रुग्ण बाहेर काढायला किती मिनिटे लागली, यावर ते पडताळावेत. आणि प्रत्येक विभागाचा सर्वांत कमी अंश दर्शनी भागात लावावा. हिवरे बाजारात पाण्याचा हिशेब गावासमोर मांडला जातो. रुग्णांच्या जिवाचा हिशेब फायलीत का राहावा?