आईंची उधारीची वही

लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याच्या जागेत जाण्याआधी घर आवरायला काढलं. पितळेचे डबे, पाटा-वरवंटा, लग्नातला शालू... काय ठेवायचं, काय द्यायचं, सगळं मीच ठरवत होते. पण कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपाशी आले आणि नेहमीसारखं मुलाला म्हणाले, "ते तू बघ रे बाबा!"

त्याने सीपीयू उघडला. आत दोन हार्डडिस्क. नंतर बसवलेल्या मोठ्या डिस्कवर फोटो, बँकेचे नि विम्याचे कागद होते. ते त्याने नव्या कॉम्प्युटरवर घेतले. पहिली छोटी डिस्क हातात धरून म्हणाला, "आई, यात तुझं क्लासचंच काहीतरी आहे. महत्त्वाचं नाही ना?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. मग एकदम आठवलं, आईंची वही त्यातच आहे!

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची खाणावळ होती. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार अशा घरोघरच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. चूल बाईची, उधारीही बाईच्याच डोक्यावर. किराण्यासाठी सावकाराकडे मंगळसूत्र गहाण पडायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आईंचे जेवणकरी एकेक करून गावी गेले. उधारी राहिली ती राहिलीच.

२००६मध्ये मी एमएस-सीआयटी केलं. टायपिंगचा सराव म्हणून आईंना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. आईंना अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येकाचं नाव, गाव, किती रुपये राहिले, कुणाला भाकरी लागायची नि कुणाला भात, सगळं तोंडपाठ. शेवटी म्हणाल्या, "खाली लिही, कुणाकडे मागायचं नाही." पाच वर्षांनी त्या गेल्या.

त्या डिस्कची केबल रुंद पट्टीची. नव्या कॉम्प्युटरला तशी जागाच नाही. मुलाने लॅमिंग्टन रोडवरून अडॅप्टर आणला. त्याने डिस्क पेनड्राइव्हसारखी जोडता येते. पाच मिनिटांत माझं फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर आलं. "झालं!" म्हणाला. मी वही उघडली, तर मराठीचा पत्ताच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. "फाइल खराब झालीय गं. डिलीट करू?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. डिस्क परत जुन्या सीपीयूत बसवायला लावली. तो घरघरत सुरू झाला आणि तीच फाइल स्वच्छ मराठीत उघडली!

खराब काहीच झालं नव्हतं. त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी तेवढं दिसतं. आता युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर मान्य असलेला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून मोबाइलवरही मराठी नीट दिसतं. आमचा जुना फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फोल्डरमध्ये होता. मुलाने 'बिनकामाचं' म्हणून तेवढंच मागे ठेवलं होतं. तो नव्या कॉम्प्युटरवर घातला आणि आईंची वही वाचता आली. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि मी ओळ न् ओळ तपासली. जोडाक्षरं नि रफार हमखास तुटतात. नावांच्या यादीत ते चालत नाही.

चूक मुलाची नाही हो. त्याने मला विचारलं होतं. 'माझ्यात महत्त्वाचं काय असणार' हे मीच धरून चालले होते. विम्याचा कागद पुन्हा काढून मिळतो. आईंची वही कुठल्या ऑफिसात मिळणार?

म्हणून मैत्रिणींनो, कॉम्प्युटर बदलताना पुरुषमाणसांवर सोपवून स्वयंपाकघरात जाऊ नका. बचत गटाचे हिशेब, भिशीच्या याद्या, माहेरच्या आठवणी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते सांगा. फाइल नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका, नव्या कॉम्प्युटरवर उघडून वाचा. मराठी वाचता येत नसेल तर डिलीट करू नका, आधी जुना फॉन्ट शोधा. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि हे सगळं होईपर्यंत जुना कॉम्प्युटर घराबाहेर काढू नका.

आमच्या भंगारवाल्याला मी महिनाभर थांबवलं. तो रोज दारावरून विचारायचा, "ताई, झालं का?" वहीचा एक प्रिंट नणंदेकडे पोचला, एक माझ्या कपाटात शालूखाली ठेवला, तेव्हाच त्याला वर बोलावलं. हार्डडिस्क तेवढ्या काढून घेतल्या.