फ्लॉरेन्समधले कोल्हापूर

परदेशातला रविवार म्हणजे दुकाने पालथी घालणे, असा आपल्या मंडळींचा समज असतो. शाहूपुरीतून इटलीत आलेले आम्ही मात्र पोळीभाजीचा डबा घेऊन फ्लॉरेन्सच्या कडेला असलेल्या काशिने उद्यानात गेलो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोप पाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात कालवश झाले. वय अवघे वीस! आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे १८७४ मध्ये स्मारकाची छत्री उभी राहिली. जवळच्या पुलालाही ‘इंडियानो’चेच नाव आहे. ‘इथं आपलं कोण आहे?’ असे विचारणाऱ्या मुलांना गावाकडच्या गौरवगाथा ऐकवण्यापेक्षा अशा ठिकाणी न्यावे. परक्या मातीतही आपले कोणीतरी आहे, हे त्यांना न सांगता उमजते.