बिल कोणाचं हलकं झालं?

दिवाळीच्या रोषणाईत आम्हाला विजेच्या बिलाबद्दल लिहावंसं वाटतं. आमचे कितीतरी वाचक आज बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतात, आणि बिल हलकं करण्याचा देशातला एक मोठा प्रयोग त्यांच्या दारात चालू आहे.

कर्नाटकाची गृहज्योती योजना जुलै 2023च्या वापरापासून लागू झाली. दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत, एवढंच बहुतेकांच्या कानावर आलं. खरा नियम वेगळा आहे. 2022-23मधली तुमची महिन्याची सरासरी आणि वर दहा टक्के, एवढी वीज मोफत; त्यापुढची वीज विकत; आणि दोनशे ओलांडले की पूर्ण बिल भरायचं. म्हणजे सरासरी 170 असलेल्या फ्लॅटला 187 युनिटं माफ, आणि एक पंखा, दोन दिवे एवढ्यावर 40 युनिटांत भागवणाऱ्या खोलीला सुरुवातीला फक्त 44. जिने काटकसर केली तिच्याच पदरात कमी पडलं! जानेवारी 2024मध्ये कमी वापराच्या घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटं जादा देण्याचं ठरलं. सुधारणा चांगली, पण मुळातला अन्याय तिने मिटत नाही. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: प्रत्येक घराला गरजेपुरती वीज सारख्याच मापाने माफ करावी, मागच्या वापराच्या मापाने नव्हे.

इलेक्ट्रॉनिक सिटीत हे फार टोचतं, कारण इथली वस्तीच नव्याने आलेल्यांची. कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या कंपनीने 1978मध्ये ही वसाहत उभी केली. आज कोनप्पन अग्रहार, दोड्डतोगूर, हेब्बगोडी भाड्याच्या खोल्यांनी भरून गेली आहेत. ज्या जोडणीला मागचा वापरच नाही तिला राज्याची सरासरी, 53 युनिटं, धरून सुरुवातीला 58 युनिटं मिळत. आणि जिथे चार खोल्यांना मिळून घरमालकाचा एकच मीटर असतो, तिथे चौघांचा वापर एकत्र होऊन दोनशेच्या पार जातो. मग भाडेकरू घरमालक सांगेल त्या दराने पैसे मोजतो. कंपन्यांमध्ये झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या कुटुंबांसाठीच ही योजना हवी होती.

दुकानं आणि कारखाने योजनेबाहेरच आहेत. इलेक्ट्रॉनिक सिटीशेजारच्या बोम्मसंद्रा-जिगणीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डर नसली, लेथ बंद असली, तरी मंजूर भारावरचा स्थिर आकार चुकत नाही. जून 2023मध्ये दरवाढीची बिलं हातात पडली तेव्हा बेळगाव-हुबळीचे उद्योजक रस्त्यावर उतरले, ते उगीच नव्हे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांना महाराष्ट्र वर्षानुवर्षं सवलतीची वीज देत आला आहे. त्यातही तक्रारी आहेत, पण छोट्या धंद्याला वेगळं माप लावायचं हे तिथे मान्य झालेलं आहे. तसंच माप बोम्मसंद्र्यालाही लावावं.

सरकार करील तेव्हा करील. आपल्यापैकी अनेकांनी इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेऊन भाड्याने दिले आहेत. त्यांना आमची कळकळीची विनंती: भाडेकरूला रीतसर करारपत्र द्या, मीटरचा आरआर नंबर (बिलावरचा जोडणी क्रमांक) सांगा, आधीच्या भाडेकरूचं नाव योजनेतून निघालं आहे ना ते बघून घ्या. एका मीटरवर अनेक खोल्या असतील, तर बेसकॉम या वीज कंपनीकडे वेगळ्या मीटरसाठी अर्ज करा. भाडेकरूही या योजनेला पात्र आहे, पण तुमच्या कागदाशिवाय त्याला ती मिळणं अवघड जातं.