ऐनवेळचे पाहुणे

मराठी प्रवासवर्णनाचा विचार सुरू झाला की आमच्या वर्गात पहिले नाव निघते ते विष्णुभट गोडसे यांचे. पेण तालुक्यातील वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेस निघाले ते दक्षिणेच्या आशेने. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानी आली होती. वाटेत बंड उसळले, यज्ञ बाजूला राहिला आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून निघाले. तेव्हापासून ते वाचले जाते ते या फसलेल्या बेतामुळे. मथुरेचा यज्ञ यथासांग पार पडता आणि दक्षिणा घेऊन भटजी सुखरूप घरी परतते, तर मराठी साहित्याला त्यांची ओळखही झाली नसती.

वरसईच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, २०१३ पासून इमॅजिका नावाचे थीम पार्क उभे आहे. (कोशात त्यास ‘मनोरंजन उद्यान’ असा प्रतिशब्द मिळतो, तो वापरणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.) तेथे भयही तिकिटावर मिळते, ठरलेल्या उंचीवरून आणि ठरलेल्या मिनिटांसाठी. दोन शेजारी तालुक्यांतील हे दोन प्रवास एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस अलीकडे वारंवार वाटू लागले आहे. निमित्त साधेच आहे. परीक्षांची वेळापत्रके बदलली, मध्येच चार दिवस मोकळे सापडले आणि विभागातील काही कुटुंबांनी, मुलाबाळांसह, बुधवारी ठरवून शनिवारी कुठल्यातरी थीम पार्कला जावे असा विषय निघाला. सहलीचे काय झाले हा या लेखाचा विषय नाही. बुधवारी ठरवून शनिवारी जाणाऱ्या माणसाकडे हा सगळा व्यवसाय कोणत्या नजरेने पाहतो, हा आहे.

ही नजर नीट पाहायची तर फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे वळले पाहिजे, कारण तेथे ती शास्त्राच्या पदवीला पोहोचली आहे. १९७१ साली सुरू झालेल्या या स्थळी आज चार स्वतंत्र थीम पार्क आहेत. तेथील उपाहारगृहांत जेवणाची जागा साठ दिवस आधीपासून राखून ठेवता येते आणि जिला मागणी असते ती तशी राखली जातेच. २०१८ पासून तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. रांग चुकवण्याची सशुल्क सोय, तिचे सध्याचे नाव लायटनिंग लेन, डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी आरक्षित करता येते; तीही सकाळी सातच्या ठोक्याला. अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणारा काळ लक्षात घेता आपल्याकडून ऐनवेळी उठून तेथे कोणी जात नाही, हे खरे. परंतु न्यू जर्सीत लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील, जावयाला अचानक मिळालेली रजा आणि नोव्हेंबरातली जोडून आलेली सुटी, हा योग पुण्या-ठाण्याच्या अनेक घरांना परिचित आहे. अशा घरांतून मग सांगितले जाते, की सासरेबुवा दिवसभर उन्हात उभे राहिले आणि जावई दिवसभर मोबाइलमध्ये पाहत राहिले. दोघेही वस्तुतः एकच काम करीत होते.

गंमत अशी, की ऐनवेळच्या पाहुण्याला शिक्षा करणारी ही व्यवस्था स्वतः ऐनवेळी जन्मली. कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नेलँड जेमतेम वर्षभरात उभे केले गेले आणि १७ जुलै १९५५ रोजी त्याचे उद्घाटन दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवले गेले. त्या दिवशी बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन कितीतरी लोक आत शिरले. नुकतेच ओतलेले डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळजोडणी करणाऱ्यांचा संप झालेला असल्याने स्वच्छतागृहे चालू करावीत की पिण्याच्या पाण्याचे नळ, असा प्रश्न पडला आणि वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहांच्या बाजूने कौल दिला. फजितीचा तो दिवस अमेरिकेच्या लोकस्मृतीत टिकून आहे. त्यानंतरच्या हजारो सुरळीत दिवसांपैकी एकाचीही अशी कथा झालेली नाही. गोडसे भटजींना हे सांगावे लागले नसते.

येथे साहित्याचा अध्यापक हमखास बोद्रियारकडे वळतो. अमेरिका हीच मुळात डिस्नेलँड आहे आणि ती गोष्ट झाकण्यासाठी डिस्नेलँड खोटे म्हणून मांडून ठेवले आहे, हे त्याचे १९८१ च्या पुस्तकातील प्रतिपादन आता पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत सुभाषितासारखे येते. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, उम्बेर्तो एको याने अमेरिकेतील या सजवलेल्या खोटेपणाचा प्रवास लिहिला होता. दोघांविषयी आदर ठेवूनही आम्हांस असे म्हणावेसे वाटते, की खोटेपणाचा हा आक्षेप आपल्याकडे फारसा लागू पडत नाही. जत्रेतील तंबूचा सिनेमा, मौत का कुआँ, पडद्यावर रंगवलेल्या ताजमहालापुढे काढलेला फोटो, दशावतारातील लाकडी तलवारी हे सारे खोटे आहे हे आपल्या प्रेक्षकाला नेहमीच ठाऊक होते आणि त्या ठाऊक असण्यातच त्याची मजा होती. राजस्थानी किल्ल्याची प्रतिकृती पाहून कोणी फसत नाही. मुलेही फसत नाहीत; ती मोठ्यांसाठी फसल्याचा अभिनय करतात. म्हणून खोट्या किल्ल्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार वेळेविषयी आहे आणि ती रांगेपाशी सुरू होते.

जत्रेत रांग नसते, गर्दी असते. गर्दीत धटिंगणाचे फावते, हा तिचा दोष. रांगेने तो दोष दूर केला. जो आधी आला तो आधी गेला, मग तो कोणीही असो. थीम पार्कने प्रारंभी हाच न्याय पाळला होता. डिस्नेने १९९९ साली फास्टपास आणला तोही विनामूल्य होता. यंत्रातून कागदाची चिठ्ठी घ्यायची आणि सांगितलेल्या वेळी परत यायचे. ही चिठ्ठी भल्या सकाळी आलेल्या गरिबालाही मिळत असे. २०२१ मध्ये तिची जागा पैसे भरून घ्यावयाच्या सोयीने घेतली आणि रांगेचे दोन भाग झाले. आपल्याकडे वंडरलामध्ये ‘फास्टट्रॅक’ नावाचे जादा दराचे तिकीट आहेच. पण याला केवळ अमेरिकेचे अनुकरण म्हणता येणार नाही. शिर्डीचा सशुल्क दर्शनपास आणि तिरुपतीचे तीनशे रुपयांचे विशेष प्रवेशदर्शन आपल्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. देवाच्या दारी जे चालते त्याला पाळण्याच्या दारी कोण हरकत घेणार?

सोयीसाठी पैसे घेण्यात गैर काय, असे आमचे अर्थशास्त्राचे मित्र विचारतात. गैर असे, की येथे पैशाबरोबर आणखी एक गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे पूर्वज्ञान. साठ दिवसांनंतरच्या मंगळवारी आपण मोकळे असू हे ज्याला आज ठाऊक आहे, त्यालाच स्वस्त तारीख मिळते, जेवणाची जागा मिळते आणि सावलीही मिळते. असे ठाऊक असणारा मनुष्य कोण? आमच्याच विभागात कायम नेमणुकीवरील अध्यापकाला दिवाळीची सुटी ढोबळमानाने ठाऊक असते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही, हेच ठाऊक नसते. तासिकांचे मानधन कधी जमा होईल हेही नसते. त्यांच्या आयुष्यात सारेच ऐनवेळी ठरते. मानधन झाले, मुले मागे लागली, शनिवारी निघाले. म्हणजे ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याने त्याच पाळण्यासाठी सर्वांत अधिक मोजायचे, पैशांत नाही तर तासांत. ‘नीट नियोजन करायला हवे होते’ हे वाक्य त्याला सुनावले जाते, तेव्हा त्याच्या नोकरीची अनिश्चितता त्याच्याच स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते. दारिद्र्याला आळशीपणा म्हणण्याची रीत जुनीच आहे. तिचे हे सुटीतले रूप.

यावर ‘जाऊच नका’ हा उपाय आम्ही सुचवणार नाही. घरातील आठ वर्षांच्या मुलीपुढे तो टिकतही नाही. ऐनवेळी जावयाचेच असेल, तर शनिवार-रविवार सोडून आठवड्याचा मधला दिवस शोधावा आणि दार उघडण्याच्या अर्धा तास आधी तेथे असावे. उंचीची अट घरातच मोजपट्टी लावून पाहावी. दाराशी जाऊन कळल्यास होणारे रडे तिकिटाच्या पैशांहून महाग पडते. सर्वांत लांब रांगेची राइड पहिल्या तासात करावी किंवा सोडूनच द्यावी. आणि ‘सर्व काही पाहून होईल’ असा तक्ता बनवणाऱ्या नातेवाइकाला शक्यतो वेगळ्या गाडीत बसवावे. असा तक्ता पाळला, की थीम पार्क मुलांना तपासणी केंद्रासारखे दिसू लागते. इतके गठ्ठे, इतके तास, सही करा आणि पुढे चला.

आमच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीही हल्ली याच मार्गाने जाऊ लागल्या आहेत, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले. वरसईला विद्यार्थी न्यावेत, असे आमच्यातील काहींनी सुचवून पाहिले. तेथे पाहण्यासारखे काय आहे, असा रास्त प्रश्न आला. एक गाव आहे आणि तेथून एक मनुष्य निघाला होता, एवढेच सांगता येण्यासारखे होते. सध्या तडजोड अशी निघाली आहे, की सकाळी वरसई आणि दुपारी खालापूर, दोन्ही एकाच बसने. तारीख अजून ठरलेली नाही. परीक्षा विभाग जी देईल ती जूनमधली असण्याची शक्यता अधिक, आणि जूनमध्ये त्या बाजूला पाऊस कोसळत असतो. अशा पावसात उघड्यावरच्या राइड थांबवून ठेवतात.